बायकांच्या शाळा कशा निघाल्या

(पेण आणि रोहा यांच्या मधल्या एका गावी, साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दिवसभर तुम्ही राबता. कोणी भाताच्या शेतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी गणपतीच्या कारखान्यात. घरी चूल वाट बघत असते. तरी रात्री पाटी घेऊन तुम्ही इथे येऊन बसता. म्हणून आधी आमचा तुम्हां सर्वांना नमस्कार.

गेल्या आठवड्यात वर्ग सुटताना एका बाईने आम्हांला विचारले, "गुरुजी, आता केस पिकले. या वयात शिकून काय करायचं? आमच्या आयांनी कुठे पाटी धरली होती?"

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा आहे. हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर द्यायला आज आम्ही उभे आहोत.

आमच्या घरची गोष्ट

आधी आमच्याच घरचे सांगतो. आम्हांला एक थोरली बहीण आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. आक्का दुसरीत होती तेव्हा आमचा जन्म झाला. आई शेतावर जायची. मग मूल कोणी सांभाळायचे? आक्काची शाळा बंद झाली. पुढे आम्ही शाळेत जाऊ लागलो, तेव्हा आक्काच आम्हांला कडेवर घेऊन ओढा पार करून द्यायची. आम्ही आत जायचो. ती पायरीपासून मागे फिरायची.

आम्ही मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. गावोगावची पोरे आमच्या हाताखाली शिकली. आक्का मात्र अंगठाच उठवत राहिली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, मुंबईला गिरणीत होते. त्यांची पत्रे यायची. ती पत्रे आम्हीच तिला वाचून दाखवायचो. तिला अक्षरे शिकवावीत हे आमच्या मनात कधी आलेच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

या पत्रांची गोष्ट अजून संपलेली नाही. ती शेवटी सांगू.

पहिली पाटी

आता जरा मागे जाऊ. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे मुलीला शिकवायची चाल नव्हती. बाई शिकली तर नवरा मरतो, असे लोक उघड बोलत. बाईच्या हाती लेखणी गेली की घर बुडाले, असे म्हणत. थोड्याफार घरी एखादी बाई पोथी वाचत असे. बाकी सगळा अंधार.

१८२४ साली मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी मुलींची एक शाळा काढली. १८२७ साली मिस फरार नावाच्या एक बाई अमेरिकेहून आल्या. त्यांनी आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवल्या. परक्या देशातून आलेल्या बाईने आपल्या मुलींसाठी जन्म घालवला. त्या अहमदनगरलाच वारल्या.

त्यांची शाळा पुण्याच्या जोतिराव फुल्यांनी पाहिली. त्यांच्या मनात आले, "हे काम आपण का करू नये?"

जोतिरावांच्या पत्नी सावित्रीबाई. त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जोतिरावांनी त्यांना घरीच शिकवले. हे नीट ध्यानात ठेवा. आपल्या देशातली ही थोर शिक्षिका लग्नानंतर शिकली.

१८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकत. घरातही त्रास झाला. वडिलांनी जोतिरावांना सांगितले, "शाळा सोड, नाहीतर घर सोड." त्यांनी घर सोडले, पण शाळा सोडली नाही. उस्मान शेख या मित्राने नवराबायकोला आसरा दिला.

पुढे १८५५ साली या दोघांनी आणखी एक काम केले. शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. बाप्येही येत, बायकाही येत. दिवसा काम आणि रात्री पाटी. म्हणजे आपला हा वर्ग नवा नाही. त्याचे मूळ पावणेदोनशे वर्षांमागे आहे.

राहून शिकण्याची शाळा

पण एक मोठी अडचण होती. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचे लग्न होई. लग्न झाले की शाळा सुटे. मग शिकवायला बायका कुठून मिळणार? लहान मुलींची शाळा काढून भागत नव्हते. मोठ्या बायकांना राहता येईल, जेवता येईल आणि शिकता येईल, अशी शाळा हवी होती.

ही अडचण फक्त आपल्याकडेच होती असे समजू नका. अमेरिकेतही मुलांसाठी मोठी विद्यालये होती, तिथे मुलींना प्रवेश नसे. मेरी लायन नावाच्या एक मास्तरीणबाई होत्या. शेतकऱ्याची मुलगी. वडील लहानपणीच गेलेले. त्यांनी ठरवले, गरिबाच्या मुलींसाठी राहून शिकण्याचे विद्यालय काढायचे. पैसा नव्हता. मग हिरव्या मखमलीची थैली घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. शेतकऱ्यांच्या बायकांनी जमेल ते दिले. कोणी गोधडी दिली, कोणी उशी दिली. सेंट म्हणजे तिथली पैशासारखी बारकी नाणी. ६ सेंटची देणगीसुद्धा त्यांनी परत केली नाही.

१८३७ साली माउंट होल्योक नावाचे ते विद्यालय उघडले. सुरुवातीला ८० मुली आल्या. फी थोडी होती. ती थोडी ठेवता यावी म्हणून स्वयंपाक, धुणे, झाडलोट मुलीच करत.

अशी विद्यालये एकामागून एक निघाली. १८५० साली तिकडे फिलाडेल्फिया शहरात बायकांना डॉक्टरी शिकवणारे विद्यालय निघाले. आणि त्याच विद्यालयात एक मराठी मुलगी जाऊन पोचली. तिची गोष्ट आपल्या जिल्ह्याला लागून आहे.

आनंदीबाई

आपला जिल्हा १९८१ सालापर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याचे मुख्य ठिकाण अलिबाग. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते. त्यांची बदली कल्याणकडून अलिबागला झाली. त्यांची बायको आनंदीबाई, कल्याणची. नवव्या वर्षी लग्न झालेले. गोपाळरावांनी तिला घरीच शिकवायला घेतले. ते फार कडक होते, रागावतही. पण त्यांनी शिकवणे सोडले नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले. ते १० दिवसांत गेले. बाईला बघायला बाई डॉक्टर नव्हती. पुरुष डॉक्टरापुढे बायका बोलत नसत. आनंदीबाईंनी ठरवले, आपणच डॉक्टर व्हायचे.

१८८३ साली ती मुलगी बोटीत बसून अमेरिकेला गेली. ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. परत आली ती क्षयाने आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गेली. तेव्हा तिला २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. एका बाईचेही औषधपाणी करायला तिला सवड मिळाली नाही. पण तिच्यामागून वाट पडली. आज पेणला, रोह्याला दवाखान्यात बाई डॉक्टर बसलेली दिसते, तेव्हा त्या मुलीची आठवण ठेवावी.

विधवांचे घर

आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा पाहायला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई विधवा होत्या आणि थोर विदुषी होत्या. त्या काळी बारा-पंधरा वर्षांच्या मुली विधवा होत. कित्येक घरी त्यांचे केस काढत. एका कोपऱ्यात बसवून ठेवत. अशा मुलींसाठी रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत राहून शिकण्याची शाळा काढली. तिचे नाव शारदा सदन. पुढे ती पुण्याला नेली.

त्या शाळेत कोकणातली एक विधवा मुलगी शिकायला आली. तिचे नाव गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी लग्न केले. कर्वे हे मुरूडचे. आपले जंजिऱ्याचे मुरूड नव्हे, दापोलीकडचे मुरूड. विधवेशी लग्न केले म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले.

कर्वे चिडले नाहीत. ते म्हणाले नसतील काही, पण त्यांनी करून दाखवले. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी संस्था काढली. १९०० साली ती पुण्याबाहेर हिंगणे इथे नेली. गोखले नावाच्या गृहस्थांनी ६ एकर जमीन दिली होती. तिथे एक झोपडी बांधली. कर्वे पुण्यात कॉलेजात शिकवत. काम आटोपले की हिंगण्याची वाट चालत. पावसाळ्यात चिखल तुडवत जात. तिथे जाऊन बायकांना शिकवत.

त्या झोपडीत आलेली एक बाई तुम्ही विसरू नका. पार्वतीबाई आठवले. त्या गोदूबाईंच्या बहीण. तरुणपणीच नवरा वारला. पदरी मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्यांनी पुस्तक हातात धरले. आधी हिंगण्याला स्वयंपाकघर सांभाळले. मग संस्थेसाठी वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरल्या. पण वर्गणीसाठी इंग्रजी बोलता यावे असे त्यांना वाटले. म्हणून १९१८ साली, म्हणजे ४८ वर्षांच्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी भांडी घासली, घरकाम केले आणि इंग्रजी शिकल्या. पुढे आपली कहाणी त्यांनी पुस्तकात लिहून ठेवली. "केस पिकले" म्हणणाऱ्यांनी पार्वतीबाईंकडे पाहावे.

१९१६ साली कर्व्यांनी बायकांचे विद्यापीठ काढले. जपानात असे विद्यापीठ आहे हे त्यांनी एका पुस्तिकेत वाचले होते. त्यांचे म्हणणे होते की बायकांना आपल्याच भाषेत शिकता आले पाहिजे. १९२० साली मुंबईचे विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले. त्यांनी आपले नाव लावले नाही. आईचे नाव लावले. आईचे नाव नाथीबाई. ते विद्यापीठ आजही त्या नावाने चालते.

एवढे करून कर्वे स्वस्थ बसले नाहीत. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांसाठी मंडळ काढले. ज्या गावी शाळा नाही तिथे शाळा निघावी, हा त्याचा हेतू. म्हातारपणी दारोदार फिरून त्यांनी त्यासाठी पैसा-पैसा गोळा केला.

आपल्या दोन तालुक्यांतल्या दोघी

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पुणे लांब, अमेरिका त्याहून लांब. आपल्या इथलं काही सांगा."

सांगतो. पेण तालुक्यात गागोदे गाव आहे. तिथे १८९५ साली विनोबा भावे जन्मले. त्यांच्या आईचे नाव रुक्मिणीबाई. साधी घरकाम करणारी बाई. फार शिकलेली नव्हती. तिला गीता समजून घ्यायची होती. पण गीता संस्कृतात. मराठी पुस्तके आणून दिली, तीही अवघड वाटली. तेव्हा आई मुलाला म्हणाली की तूच सोपी करून का लिहीत नाहीस? ती १९१८ साली वारली. पण आईचा शब्द मुलाने मनात जपला. पुढे १९३०-३१ साली विनोबांनी सोप्या मराठीत गीता लिहिली. तिचे नाव 'गीताई'. आज घरोघरी ती आहे. एका कमी शिकलेल्या आईने "मला समजेल असं लिही" असे म्हटले, म्हणून ते पुस्तक झाले. समजत नाही हे सांगायला लाजू नये, हा त्यातला धडा.

आता रोहा. रोह्याचे चिंतामणराव देशमुख तुम्हांला ठाऊक आहेत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. १९५३ साली त्यांचे लग्न दुर्गाबाईंशी झाले. दुर्गाबाई आंध्रच्या. म्हणजे नात्याने रोह्याची सून.

या दुर्गाबाईंचे पहिले लग्न आठव्या वर्षी लावले होते. मोठे झाल्यावर त्यांनी ते मानले नाही. पोरवयातच त्यांनी काकीनाडा गावी बायकांना हिंदी शिकवायची शाळा काढली. त्यांच्या विद्यार्थिनींत त्यांची आईही होती. मुलगी गुरू आणि आई शिष्य! पुढे मिठाच्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या. बाहेर आल्यावर घरी अभ्यास करून मॅट्रिक झाल्या. विद्यापीठात गेल्या तर उत्तर मिळाले, "मुलींना राहायला जागा नाही." दुर्गाबाईंनी मुली गोळा केल्या, स्वतःच वसतिगृह चालवले आणि प्रवेश मिळवला. पुढे वकील झाल्या. देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत बसल्या.

आणि १९५८ साली, त्या समाजकल्याण मंडळाच्या प्रमुख असताना, मोठ्या बायकांसाठी एक योजना निघाली. ज्यांची शाळा लहानपणी सुटली, त्यांनी थोड्या वर्षांत राहिलेला अभ्यास पुरा करावा आणि परीक्षेला बसावे, अशी ती सोय होती. कित्येक बायका त्यातून परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या.

आता उत्तर

१९०१ साली आपल्या देशात १००० बायकांत ६ जणींना लिहिता-वाचता येत होते. २०११ सालच्या मोजणीत १०० बायकांत सुमारे ६५ जणींना येत होते. एवढा फरक आपोआप पडला नाही. कोणी शेण-चिखल अंगावर घेतले, कोणी गाव सोडला, कोणी परदेशात भांडी घासली.

आणि पाहा, यात लहान वयात आरामात शिकलेल्या किती थोड्या! सावित्रीबाई लग्नानंतर शिकल्या. आनंदीबाई लग्नानंतर शिकल्या. पार्वतीबाई विधवा झाल्यावर शिकल्या. दुर्गाबाईंची आई मुलीजवळ शिकली. जिने आधी शिकून घेतले, तिने दुसरीला शिकवले. थेंबे थेंबे तळे साचे.

तेव्हा "आमच्या आयांनी कुठे पाटी धरली होती?" याचे उत्तर असे, की बाई, काहींनी धरली होती. ज्यांना धरता आली नाही, त्यांना कोणी दिली नव्हती. दोष त्यांचा नव्हता. आमच्यासारख्यांचा होता.

आता त्या पत्रांची गोष्ट पुरी करतो.

आक्का सत्तरी ओलांडल्यावर अशाच एका वर्गात बसू लागली. आधी आपले नाव लिहायला शिकली. मग एस.टी.ची पाटी वाचू लागली. मग बचतगटाचे पुस्तक. एक दिवस तिने पत्र्याची पेटी उघडली. त्यात भावोजींची जुनी पत्रे होती. भावोजींना जाऊन बरीच वर्षे झाली होती. आक्का रोज थोडे थोडे करून ती पत्रे वाचू लागली. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून.

एके सकाळी ती एक पत्र घेऊन आमच्याकडे आली. पत्र १९८२ सालच्या पावसाळ्यातले. मुंबईच्या गिरण्यांचा संप चालू होता. पत्रात भावोजींनी लिहिले होते की प्रकृती बरी नाही, जमले तर येऊन जा.

आक्का म्हणाली, "भाऊ, हे तू मला कधी वाचून दाखवलं नव्हतंस."

खरे होते. आम्ही तेव्हा नुकतेच शिक्षक झालो होतो. लावणीचे दिवस होते. तिच्या पदरात लहान मुले. आम्हांला वाटले, उगाच घाबरेल. म्हणून तेवढी ओळ आम्ही गाळली. आपणच पुढे सवडीने मुंबईला जाऊन येऊ, असे ठरवले. गेलो नाही. भावोजी दिवाळीला घरी आले ते वाळून आले. पुढे सावरले, काही वर्षे जगले. पण त्या दिवसांत ते खोलीवर एकटे पडून होते, हे आक्काला कळलेच नाही. बायको का आली नाही, हे त्यांनी मनात ठेवले असेल. तिला विचारले नाही.

आक्का एवढेच म्हणाली, "मला वाचता येत असतं तर मी गेले असते."

तिने आम्हांला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते. आम्ही चांगल्या मनाने ओळ गाळली, हे खरे. पण नवऱ्याकडे जायचे की नाही, हे तिने ठरवायचे होते. ते आम्ही ठरवले. कारण अक्षर आमच्या हाती होते.

म्हणून सांगतो. दुसऱ्याने वाचून दाखवले म्हणजे आपल्याला कळले, असे समजू नका. दुसरा चांगला असला तरी तो आपल्या बुद्धीने वाचतो. सातबारा असो, औषधाची चिठ्ठी असो, बँकेचे पुस्तक असो, नाहीतर घरच्या माणसाचे चार शब्द असोत. आपले आपण वाचावे. वय कितीही असो.

पुरुषमंडळींना एक हात जोडून विनंती. तुमच्या घरी कोणी अंगठा उठवणारी असेल, तर रोज अर्धा तास तिच्याजवळ पाटी घेऊन बसा. जोतिराव बसले होते. आम्ही बसलो नाही, त्याची खंत आज आम्हांला आहे. ती तुम्हांला नको. आणि धाकटे मूल सांभाळायला म्हणून मुलीची शाळा बंद करू नका. आता गावात अंगणवाडी आहे. मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पासही फुकट मिळतो.

उद्याच्या वर्गाला येताना एक काम करून या. प्रत्येकाने पाटीवर आपल्या आईचे नाव लिहून आणायचे. जोडाक्षर अडले तर विचारा, लाजू नका. आक्कानेही परवा आमच्या आईचे नाव लिहून दाखवले. आमच्या आईचे नाव आमच्या घरात कोणा बाईच्या हातून पहिल्यांदाच लिहिले गेले.